एका सर्व्हरसाठी कंटेनरचे कोणते साधन घ्यावे? डॉकर, पॉडमन, इन्कस आणि केथ्रीएस यांचे परीक्षण

कंटेनर म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या सगळ्या फाइली एकत्र बांधून इतरांपासून वेगळे चालवण्याची पद्धत. त्यासाठीच्या साधनांची तुलना निघाली की पहिला प्रश्न बहुधा वेगाचा असतो, आणि नेमका तोच सर्वांत कमी उपयोगाचा आहे. डॉकर घ्या, पॉडमन घ्या किंवा इन्कस घ्या, आतला प्रोग्राम शेवटी त्या यंत्राच्याच लिनक्स कर्नलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यावर, चालतो. त्याला इतरांपासून वेगळे ठेवण्याचे काम कर्नलचे नेमस्पेस करतात, तर मेमरी आणि सीपीयूचा वाटा सीग्रुप ठरवतात. सीग्रुप जानेवारी २००८ मध्ये कर्नलच्या २.६.२४ या आवृत्तीत आले आणि सामान्य वापरकर्त्यालाही स्वतःचा नेमस्पेस उघडू देणारी सोय फेब्रुवारी २०१३ च्या ३.८ मध्ये वापरण्याजोगी झाली. आकडेमोडीच्या वेगात या साधनांत सांगण्यासारखा फरक नाही. फरक आहे तो कंटेनर कोणाच्या अधिकाराने चालतो, तो कोसळला तर त्याला पुन्हा उठवतो कोण, आणि रात्री सर्व्हर रीस्टार्ट झाला तर सकाळी सगळे आपोआप उभे राहिलेले असते की नाही, यात.

हे परीक्षण लिहिताना डोळ्यांसमोर एक ठरावीक गरज ठेवली आहे. एखादी पतसंस्था, वाचनालय किंवा छोटी सॉफ्टवेअर कंपनी, चार जीबी मेमरीचा भाड्याने घेतलेला एक लिनक्स सर्व्हर, त्यावर पायथनमध्ये लिहिलेले वेब ॲप्लिकेशन, पोस्टग्रेस डेटाबेस, मागे रांगेत चालणाऱ्या कामांसाठी रेडिस आणि सर्वांत पुढे एनजिनएक्स किंवा कॅडी हा वेब सर्व्हर. देखभालीला माणूस एकच, आणि त्यालाही इतर कामे आहेत. आपल्याकडची बहुसंख्य ॲप्लिकेशने याच मापाची असतात, तरी साधने मात्र शेकडो सर्व्हर चालवणाऱ्या कंपन्यांचे अनुकरण करून निवडली जातात.

डॉकरपासून सुरुवात करणे ओघाने येते, कारण कंटेनर हा प्रकार सर्वसामान्य प्रोग्रामरच्या हाती आणून दिला तो डॉकरनेच. मार्च २०१३ मध्ये पायकॉन परिषदेत डॉटक्लाउड कंपनीचे सॉलोमन हाइक्स यांनी त्याचे छोटेसे प्रात्यक्षिक दाखवले, तेव्हा ते आतून २००८ पासून उपलब्ध असलेल्या एलएक्ससी या कंटेनर साधनाचाच आधार घेत होते. डॉकरने स्वतःची भर घातली ती थरांनी रचलेल्या इमेजची (ज्यावरून कंटेनर सुरू होतो तो तयार साचा), ती कशी बनवायची हे लिहून ठेवणाऱ्या डॉकरफाइलची आणि ती इकडून तिकडे नेण्यासाठी लागणाऱ्या रजिस्ट्रीची, म्हणजे इमेजच्या कोठाराची. २०१५ मध्ये ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह स्थापन झाले आणि २०१७ मध्ये इमेज व रनटाइम या दोहोंची १.० मानके निघाली, त्यामुळे डॉकरने बनवलेली इमेज आज पॉडमन किंवा कुबर्नेटिस (अनेक सर्व्हरवर कंटेनर सांभाळणारी व्यवस्था) कसलीही कुरकूर न करता चालवतात. साधन बदलायचे ठरले तर इमेज पुन्हा बनवाव्या लागत नाहीत, ही गोष्ट निवड करताना मनावरचे बरेच दडपण कमी करते.

डॉकरची खरी ताकद कंपोझमध्ये आहे. चारही सेवा, त्यांचे आपापसांतले नेटवर्क, व्हॉल्यूम (कंटेनर गेला तरी टिकणारी साठवण) आणि पासवर्डांच्या जागा एका यामल फाइलीत लिहाव्यात, एक कमांड द्यावी आणि सगळे एकत्र सुरू व्हावे, इतकी सोपी मांडणी दुसऱ्या कोणाला अद्याप जमलेली नाही. नव्याने रुजू झालेल्या प्रोग्रामरला ती फाइल दिली की पहिल्याच दिवशी त्याच्या लॅपटॉपवर ॲप्लिकेशन चालू होते. एक खाच मात्र ध्यानात ठेवावी. वेब सेवा डेटाबेसवर अवलंबून आहे एवढेच फाइलीत लिहिले तर कंपोझ डेटाबेसचा कंटेनर सुरू होण्याची वाट पाहते, डेटाबेस जोडणी स्वीकारण्यास तयार होण्याची नाही. त्यासाठी पोस्टग्रेसला आरोग्य-तपासणी लावून 'निरोगी असल्यासच पुढे जा' ही अट वेगळी लिहावी लागते. ती न लिहिलेल्या फाइली लॅपटॉपवर बिनबोभाट चालतात आणि संथ डिस्कच्या सर्व्हरवर पहिल्याच रीस्टार्टला अडखळतात.

सर्व्हरवर आले की डॉकरच्या रचनेतले दोष दिसू लागतात. डॉकरची कमांड स्वतः काहीच करत नाही. ती रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने पार्श्वभूमीवर सतत चालणाऱ्या डीमनला निरोप देते, तो डीमन कंटेनरडीला सांगतो आणि शेवटी रनसी प्रत्यक्ष कंटेनर उभा करते. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे, 'डॉकर' गटात ज्याला घातले त्याला प्रत्यक्षात रूट करून टाकले असे समजावे, कारण तो सर्व्हरची संपूर्ण डिस्क कंटेनरमध्ये जोडून हवे ते करू शकतो. हे डॉकरच्या अधिकृत माहितीतच स्पष्ट लिहिलेले आहे, तरी इन्स्टॉल केल्यावर सगळ्यांना त्या गटात घालून मोकळे होण्याची पद्धत सर्रास दिसते. दुसरी म्हणजे, डॉकरचे पॅकेज अपडेट होऊन डीमन रीस्टार्ट झाला की त्याच्याबरोबर सगळे कंटेनरही थांबतात. 'लाइव्ह रिस्टोअर' नावाचा पर्याय चालू केल्यास ते टळते, पण तो मुळात बंद असतो. डॉकरही रूटशिवाय चालवता येते आणि डिसेंबर २०२० च्या २०.१० आवृत्तीपासून ती सोय प्रायोगिक राहिलेली नाही, परंतु ती वेगळी बसवावी लागते आणि बसवणारे विरळाच.

फायरवॉलबाबतची खोड याहून गंभीर आहे. उबंटूवर यूएफडब्ल्यू ही फायरवॉल चालू करून फक्त ८०, ४४३ आणि एसएसएच एवढीच दारे उघडी ठेवली, तरी कंपोझच्या फाइलीत पोस्टग्रेसचे ५४३२ पोर्ट प्रकाशित केलेले असेल तर ते साऱ्या इंटरनेटला खुले होते. डॉकर आपले नियम नॅटच्या पायरीवर घालते, तेथेच पॅकेटचा पत्ता बदलतो आणि यूएफडब्ल्यूचे नियम ज्या साखळीत बसलेले असतात तिथपर्यंत ते पॅकेट पोचतच नाही. यूएफडब्ल्यूची स्थिती पाहिली तर ते पोर्ट बंद असल्याचे दिसते, म्हणून शंकाही येत नाही. उपाय साधा आहे: डेटाबेसचे पोर्ट प्रकाशित करूच नये, कारण कंपोझच्या नेटवर्कमधील सेवांना त्याची गरज नसते, आणि करायचेच असेल तर त्यापुढे १२७.०.०.१ लिहावे. त्याच बैठकीत लॉगचीही सोय लावून टाकावी. डॉकरचा मूळ लॉग प्रकार जेसन फाइलीत लिहीत राहतो आणि कमाल आकार ठरवून दिलेला नसेल तर डिस्क भरेपर्यंत थांबत नाही.

खर्चाचा विषय वेगळा आहे, कारण लिनक्स सर्व्हरवरचे डॉकर इंजिन मुक्त आणि मोफतच आहे. पैसे लागतात ते विंडोज आणि मॅकवरच्या डॉकर डेस्कटॉपला. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झालेल्या अटींनुसार २५० हून अधिक कर्मचारी किंवा एक कोटी डॉलरहून अधिक वार्षिक उत्पन्न, यांपैकी एक जरी लागू झाले तरी कंपनीला सशुल्क सदस्यत्व घ्यावे लागते. हिंजवडी किंवा खराडीतल्या मध्यम आकाराच्या कित्येक कंपन्या या कक्षेत येतात. पॉडमन डेस्कटॉप किंवा रँचर डेस्कटॉप यांनी तेच काम मोफत होते, कारण मॅक आणि विंडोजवर शेवटी सगळीच साधने आतमध्ये एक लिनक्सचे आभासी यंत्र चालवतात.

डॉकर हब या डॉकरच्या सार्वजनिक रजिस्ट्रीवरची डाउनलोडची मर्यादा मात्र पैसे न देणाऱ्या प्रत्येकाला जाचते. नोव्हेंबर २०२० मध्ये लॉगिन न करणाऱ्यांसाठी सहा तासांत १०० इमेज अशी मर्यादा आली आणि ती आयपी पत्त्यावर मोजली जाते. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत साठ विद्यार्थी एकाच आयपीमागे बसलेले असतात. प्रत्येकाने दोन-दोन इमेज ओढल्या की तासिका संपण्याआधीच 'टू मेनी रिक्वेस्ट्स' हा निरोप येऊ लागतो. प्रयोगशाळेतल्याच एका यंत्रावर रजिस्ट्रीची मध्यस्थ प्रत चालवून सगळ्या यंत्रांना तिच्याकडे वळवणे हा यावरचा टिकाऊ उपाय आहे, आणि त्याने इंटरनेटचा वापरही कितीतरी कमी होतो.

आता पॉडमन. रेड हॅटने बनवलेल्या या साधनाची १.० आवृत्ती जानेवारी २०१९ मध्ये आली आणि त्याच वर्षी मे महिन्यात निघालेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ मधून डॉकर काढून टाकून त्याच्या जागी पॉडमन, इमेज बनवणारे बिल्डा आणि इमेज हलवणारे स्कोपिओ ठेवण्यात आले. कमांडी जवळजवळ डॉकरच्याच आहेत, त्यामुळे हाताला सवय लावून घ्यावी लागत नाही. मूलभूत फरक असा की मध्ये डीमन नाही. पॉडमनची कमांड स्वतःच कंटेनर सुरू करते, त्याच्यावर कॉनमन नावाचा एक छोटा प्रोग्राम पहारा ठेवतो आणि कमांड संपून जाते. रूटशिवाय चालणे ही येथे मागाहून जोडलेली सोय नाही, तीच नेहमीची रीत आहे. कंटेनरच्या आतला रूट बाहेर तुमचाच साधा वापरकर्ता असतो, म्हणून कोणी आतून बाहेर पडण्यात यशस्वी झाला तरी त्याच्या हाती लागतो तो त्या एका वापरकर्त्याचा अधिकार.

या रचनेची किंमत फाइलींच्या मालकीत मोजावी लागते. डेबियनवर पहिल्या वापरकर्त्याला कंटेनरच्या आतल्या वापरकर्त्यांसाठी साधारणपणे १००००० पासून पुढचे ६५५३६ क्रमांक मिळतात. पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजमध्ये डेटाबेसचा वापरकर्ता ९९९ असतो, त्यामुळे डेटा एखाद्या डिरेक्टरीत ठेवलेला असल्यास बाहेरून त्याचा मालक म्हणून १००९९८ असा अनोळखी क्रमांक दिसतो आणि स्वतःच्याच होम डिरेक्टरीतली फाइल आपल्याला वाचता येत नाही. डॉकरवरून आलेला माणूस येथे हमखास अडतो आणि वैतागून रूटने मालकी बदलून टाकतो, मग डेटाबेस सुरू होत नाही. 'पॉडमन अनशेअर' या कमांडने त्या नेमस्पेसमध्ये शिरले की आतले क्रमांक जसेच्या तसे दिसतात आणि मालकी तेथूनच बदलायची असते. फेडोरा किंवा रेड हॅटवर याच्या जोडीला एसईलिनक्स ही जादा सुरक्षा-व्यवस्था असते आणि व्हॉल्यूमच्या पुढे मोठा झेड लिहिला नाही तर परवानग्या बरोबर असूनही प्रवेश नाकारला जातो.

तरीही सर्व्हरसाठी माझे मत पॉडमनला आहे, आणि त्याचे कारण क्वाडलेट हे आहे. फेब्रुवारी २०२३ च्या ४.४ आवृत्तीपासून पॉडमनमध्ये आलेली ही सोय कंटेनरला सिस्टमडीची (लिनक्समधील सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रामची) सेवा बनवते. प्रत्येक कंटेनरसाठी एक छोटी फाइल लिहायची: कंटेनर या विभागात इमेज, पोर्ट आणि व्हॉल्यूम, सेवा या विभागात 'नेहमी रीस्टार्ट कर', आणि शेवटी ती कधी सुरू व्हावी याची एक ओळ. फाइल ठरलेल्या डिरेक्टरीत ठेवून सिस्टमडीला पुन्हा वाचायला लावले की सेवा तयार होते. सर्व्हरवरच्या एसएसएच किंवा क्रॉनवर जो पहारेकरी लक्ष ठेवतो तोच आता ॲप्लिकेशनवरही ठेवतो, लॉग सिस्टमडीच्या जर्नलमध्ये जातात, त्यांचा आकार जर्नल आवरते आणि सेवांचा क्रम सिस्टमडीच्या नेहमीच्या भाषेत लिहिता येतो. लिनक्स सांभाळणाऱ्या माणसाला नवे शिकण्यासारखे फारसे काही उरत नाही. 'पॉडमन ऑटो अपडेट' नवी इमेज आणून सेवा रीस्टार्ट करते आणि नवी सुरू झाली नाही तर जुन्या इमेजवर परत जाते, ही सोय एकट्या देखभाल करणाऱ्याला फार मोलाची आहे. मात्र डेटाबेसला ती लावू नये.

क्वाडलेट वापरताना दोन ठिकाणी हटकून ठेच लागते. या सेवेला सवयीने 'एनेबल' केले तर ती तात्पुरती किंवा निर्मित असल्याचे सांगून सिस्टमडी नकार देते. यात बिघडलेले काही नसते, फाइलीतली शेवटची ओळच ते काम करते. दुसरे असे की सामान्य वापरकर्त्याच्या सेवा त्याने लॉगआउट करताच बंद होतात. त्या चालू राहाव्यात म्हणून त्या वापरकर्त्यासाठी 'लिंगर' एकदा चालू करावे लागते. याच रूटशिवायच्या पद्धतीत १०२४ च्या खालचे पोर्टही मुळात घेता येत नाही, त्यासाठी कर्नलची एक मर्यादा खाली आणावी लागते किंवा पुढचा एनजिनएक्स कंटेनरबाहेर ठेवावा लागतो. यूएफडब्ल्यूला वळसा घालण्याचा प्रकार मात्र येथे होत नाही, कारण पोर्ट उघडणारा प्रोग्राम इतर कोणत्याही साध्या प्रोग्रामसारखाच असतो.

आवृत्तीकडे डोळेझाक करू नये. डेबियन १२ मध्ये पॉडमन ४.३ आहे, म्हणजे क्वाडलेट एका पायरीने हुकते. उबंटू २२.०४ मध्ये तर ३.४ आहे. उबंटू २४.०४ किंवा डेबियन १३ घेतल्यास प्रश्न उरत नाही. मार्च २०२४ च्या ५.० पासून रूटशिवायच्या नेटवर्कसाठी जुन्या संथ व्यवस्थेऐवजी पास्ता हे साधन मूळ निवड झाले आहे आणि पूर्वीची संथपणाची तक्रार बरीचशी मिटली आहे. कंपोझच्या बाबतीत मात्र पॉडमन अजूनही उसनवारीवर चालते. 'पॉडमन कंपोझ' ही कमांड काम दुसऱ्या प्रोग्रामकडे सोपवते, आणि गुंतागुंतीच्या फाइली प्रत्येक वेळी चालतीलच असे नाही. इमेज बनवण्यातही डॉकरचे बिल्डकिट सरस आहे, विशेषतः मॅकच्या एआरएम प्रोसेसरवर बसून इंटेल किंवा एएमडीच्या सर्व्हरसाठी इमेज बनवायची असेल तेव्हा. म्हणून लॅपटॉपवर डॉकर आणि सर्व्हरवर पॉडमन ही जोडी मला विसंगत वाटत नाही.

एक गोष्ट साधन बदलून सुटत नाही, आणि मराठीत माहिती साठवणाऱ्यांना तीच जास्त भोवते. लहान आकाराच्या मोहापायी पोस्टग्रेसची अल्पाइनवर आधारलेली इमेज घेतली जाते. अल्पाइनमधील मसल ही सी लायब्ररी भाषेनुसार क्रम लावत नाही, त्यामुळे सभासदांची यादी युनिकोडच्या क्रमांकांनुसार लागते. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्यामध्ये आहे, तर आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. परिणामी काळे हे आडनाव कावरे, काशीद आणि कासार यांच्या आधी येऊन बसते, आणि छापील नोंदवहीशी यादी ताडून पाहणारा कारकून ती चुकीची ठरवतो, तेही रास्तपणे. डेटाबेस तयार करतानाच आयसीयू या युनिकोड लायब्ररीचे मराठी लोकेल (भाषेनुसार क्रमाचे नियम) निवडावे, हे पोस्टग्रेस १५ पासून अल्पाइनवरही शक्य आहे. आडमार्गाने आणखी दोन गोष्टी: अल्पाइनमध्ये टाइमझोनची माहिती वेगळी घालावी लागते, नाहीतर आशिया-कोलकाता लिहूनही पावत्यांवर साडेपाच तास मागची वेळ उमटते, आणि बारीक केलेल्या इमेजमध्ये देवनागरी फॉन्ट नसल्याने सर्व्हरवर तयार होणाऱ्या पीडीएफमध्ये नुसत्या चौकटी दिसतात.

इन्कसची जात वेगळी आहे. डॉकर आणि पॉडमन एक प्रोग्राम गुंडाळून देतात, तर इन्कस संपूर्ण लिनक्स यंत्रासारखा कंटेनर देते, ज्यात सिस्टमडी चालते, एसएसएचने आत जाता येते आणि पॅकेज नेहमीप्रमाणे बसवता येतात. जुलै २०२३ मध्ये उबंटूच्या कॅनॉनिकल कंपनीने एलएक्सडी हा प्रकल्प आपल्या ताब्यात घेतल्यावर ऑगस्टमध्ये त्याची ही वेगळी शाखा निघाली आणि एप्रिल २०२४ च्या ६.० ला पाच वर्षांचा आधार जाहीर झाला. ज्याची डॉकरफाइल लिहिण्याचे धाडस कोणी करणार नाही असे पीएचपीचे जुने ॲप्लिकेशन सांभाळायचे असेल, तर ते इन्कसमध्ये उचलून ठेवावे, अपडेट करण्यापूर्वी स्नॅपशॉट घ्यावा आणि बिघडले तर मागे जावे. त्या कामात ते उत्तम आहे. नव्या ॲप्लिकेशनसाठी मी ते सुचवणार नाही, कारण आत काय काय बसवले याची नोंद माणसाच्या डोक्यात राहते.

राहिले केथ्रीएस. कुबर्नेटिसचे हे आटोपशीर रूप रँचर लॅब्सने फेब्रुवारी २०१९ मध्ये आणले. एकच बायनरी, आत कंटेनरडी, साठवणीला एसक्यूलाइट आणि दाराशी बाहेरच्या विनंत्या आत वळवणारा ट्रॅफिक (Traefik) हा प्रोग्राम, असे सगळे तयार मिळते आणि ते बसवणे खरोखरच काही मिनिटांचे काम आहे. बसवणे सोपे असले तरी चालवणे तेवढेच सोपे होत नाही. मुख्य नोडसाठी (नोड म्हणजे गटातले एक यंत्र) किमान दोन जीबी मेमरी सुचवलेली आहे, म्हणजे आपल्या चार जीबींतला निम्मा भाग देखरेखीच्या नावाने बाजूला काढावा लागतो. बदल्यात एकेक प्रत बदलत, सेवा न थांबवता नवी आवृत्ती चढवता येते आणि एक यंत्र बंद पडले तर काम दुसऱ्यावर जाते, पण त्यासाठी मुळात दुसरे यंत्र हवे. शिवाय त्याची मूळ साठवण त्या-त्या नोडच्या डिस्कवरच असते. पोस्टग्रेस ज्या नोडवर आहे तोच गेला तर बाकीचे नोड ठणठणीत असूनही डेटाबेस दुसरीकडे उभा राहत नाही. ही बाब लक्षात न घेता 'आम्ही कुबर्नेटिसवर आहोत, आम्हाला बॅकअपची काय गरज' असे म्हणणारे भेटतात. तीन यंत्रे, वेगळी साठवण आणि पूर्णवेळ माणूस असेल तर केथ्रीएस घ्यावे. अनेक यंत्रांसाठीचे डॉकरचेच स्वार्म यापेक्षा सोपे आहे आणि अजून चालते, परंतु नोव्हेंबर २०१९ मध्ये डॉकर एंटरप्राइज मिरँटिसकडे गेल्यापासून त्याच्याविषयीचा उत्साह ओसरला आहे. नवे काम त्यावर सुरू करावे असे मला वाटत नाही.

ज्यांचे डॉकर कंपोझवर नीट चालले आहे, त्यांनी केवळ फॅशन म्हणून हलू नये. पोर्टांपुढे १२७.०.०.१ लिहावे, लॉगचा आकार बांधून द्यावा, 'डॉकर' गटातली नावे कमी करावीत आणि स्वस्थ राहावे. हलायचेच असेल तर इमेज तशाच चालतात, पण व्हॉल्यूम आपोआप येत नाहीत, आणि डेटाबेसच्या फाइली उचलून नेण्याच्या फंदात पडू नये, कारण वर सांगितलेले मालकीचे क्रमांक बदलतात. पोस्टग्रेसच्या पीजीडंप कमांडने डेटाबेसची प्रत काढून नव्या कंटेनरमध्ये भरावी, आधी एनजिनएक्स आणि रेडिस, मग ॲप्लिकेशन आणि शेवटी डेटाबेस असा क्रम ठेवावा. जुन्या कंटेनरांचे 'नेहमी रीस्टार्ट' हे धोरण त्याच दिवशी काढून टाकावे, नाहीतर पुढच्या रीस्टार्टला डॉकर आधी उठते, ८० क्रमांकाचे पोर्ट बळकावते आणि पॉडमनच्या नव्या सेवा सुरू होण्याआधीच पडतात.